दुरुस्ती की निवड? जनुकीय उपचार आणि आपली श्रद्धा



'जनुकीय संपादन' हा शब्द अलीकडे वर्तमानपत्रांत वारंवार वाचनात येतो. घरभेटींच्या वेळी आपल्यापैकी काहींनी विचारले आहे, "फादर, माणसाची घडणच बदलणे म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ नव्हे का?" प्रश्न प्रामाणिक आहे, पण 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून आधी विज्ञान समजून घेऊ या आणि मग ख्रिस्तसभेची शिकवण पाहू या.

जनुक म्हणजे काय?

आईवडिलांकडून मुलांकडे जाणाऱ्या गुणधर्मांच्या सूचना पेशीतील डीएनएमध्ये साठवलेल्या असतात. अशा एकेका सूचनेला जनुक म्हणतात. आनुवंशिकतेचे नियम प्रथम मांडणारे ग्रेगर मेंडेल हे ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू होते. मठाच्या बागेत वाटाण्याच्या रोपांवर केलेले प्रयोग त्यांनी 1865 मध्ये विद्वानांपुढे ठेवले.

जाळ्यातील एक आस बिघडला म्हणून आपले कोळी बांधव सारे जाळे टाकून देत नाहीत. नेमका तो आस शोधून तेवढाच नीट करतात. 'क्रिस्पर' हे तंत्र काहीसे असेच काम करते. एक मार्गदर्शक रेणू डीएनएवरील नेमकी जागा शोधतो आणि एक प्रथिन तेथे कात्रीसारखा छेद देते. या शोधाबद्दल इमॅन्युएल शार्पेंटिये व जेनिफर डाउडना यांना 2020 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडील उदाहरणे

विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार अनेक कुटुंबांना छळतो. जनुकातील एका अक्षराच्या फरकाने लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. 2023 च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने त्यावरील पहिल्या क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली. यात रुग्णाच्याच मूळ पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून, पुन्हा त्याला दिल्या जातात. अमेरिकेत या औषधाची किंमत 22 लाख डॉलर ठेवण्यात आली. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या सरकारी संस्थेने विकसित केलेला 'बिरसा 101' हा स्वदेशी उपचार जाहीर झाला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले आहे.

आपल्या रायगड जिल्ह्यातही असे काम झाले आहे. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत 4 जून 2021 रोजी रक्ताच्या कर्करोगावर 'कार-टी' उपचार झाला. तेथे जनुक कापले जात नाही. रुग्णाच्या संरक्षक पेशींत नवे जनुक घालून त्यांना कर्करोग ओळखायला शिकवले जाते. आयआयटी मुंबईच्या सहकार्याने विकसित झालेल्या या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारी मान्यता मिळाली.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

येथे एक भेद लक्षात ठेवू या. उभ्या पिकावर औषध मारले तर परिणाम त्या हंगामापुरता राहतो. बियाणेच बदलले तर तो बदल पुढच्या प्रत्येक पेरणीत उतरतो.

रुग्णाच्या शरीरातील पेशींपुरता उपचार हा पहिला प्रकार. 2008 मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या 'डिग्निटास पर्सोने' या दस्तऐवजानुसार असा उपचार तत्त्वतः योग्य आहे. मात्र रुग्णाला अवाजवी धोका नसावा आणि त्याने समजून-उमजून संमती दिलेली असावी.

गर्भाच्या किंवा बीजपेशींच्या जनुकांत बदल करणे हा दुसरा प्रकार. तो बदल अजून न जन्मलेल्या पिढ्यांवर लादला जातो. आजच्या स्थितीत ख्रिस्तसभा त्याला संमती देत नाही. 2018 मध्ये चीनमधील एका संशोधकाने अशा जुळ्या मुली जन्माला घातल्याचे जाहीर केले; पुढच्या वर्षी न्यायालयाने त्याला तुरुंगवास दिला. भारताच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनीही या प्रकाराला मनाई केली आहे.

आणि उंची, रंग, बुद्धी 'सुधारण्यासाठी' जनुकांना हात लावणे? तेथे आपण रोग बरा करत नाही, माणसांची निवड करू लागतो. प्रत्येक मनुष्य देवाची प्रतिमा आहे. सुधारित माणूस अधिक मोलाचा आणि आजारी माणूस कमी मोलाचा, असे आपण मानत नाही.

आपली जबाबदारी

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांनाही दोषमुक्त केले आणि त्याला दृष्टी दिली (योहान, अध्याय 9). आजही आनुवंशिक आजार असलेल्या घराकडे लोक शाप म्हणून पाहतात, मुलीचे लग्न मोडते. ही वृत्ती ख्रिस्ती नव्हे. आई व वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून विवाहापूर्वी रक्ततपासणी करणे शहाणपणाचे आहे. मात्र ती पूर्वतयारीसाठी असावी, कोणाला नाकारण्यासाठी किंवा गर्भ संपवण्यासाठी नव्हे.

शेवटचा मुद्दा खर्चाचा. चांगल्या शोमरोनीने जखमीच्या जखमा बांधल्या आणि धर्मशाळेचे पैसेही भरले. जो उपचार फक्त श्रीमंतांच्या आवाक्यात राहतो, तो न्यायाचा प्रश्न बनतो. आपल्या धर्मग्रामात कोणी दीर्घ आजाराने खचले असेल, तर प्रार्थनेबरोबर आपला खिसाही उघडू या.

चिंतनासाठी प्रश्न

1. आजार बरा करणे आणि माणूस निवडणे यांतील फरक आपण मुलांना कसा समजावू?
2. आजारपणाला शाप मानून आपण कोणाला दूर लोटले आहे का?
3. या आठवड्यात आपण कोणत्या रुग्णाची भेट घेणार आहोत?