बाळंतविडा

दिवाळी जवळ आली की माहेरची माणसे लेकीची वाट पाहतात. कुणाची लेक गरोदर असते. कुणाची नुकतीच बाळंत झालेली असते. कुणाच्या मांडीवर चार महिन्यांचे बाळ असते. मग घरात बोलणे सुरू होते, "यंदा पोरीला काय द्यायचं?"

आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे, बाळंतविडा. झबली, टोपडी, दुपटी, कुंची, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा हे सारे त्यात येते. यातली प्रत्येक वस्तू कामाची आहे. म्हणून ही रीत चांगली.

पण आता काय होते? जावयाची अंगठी आणि बाळाचे चांदीचे वाळे आधी येतात. लोक नावे ठेवतील म्हणून आपण कर्ज काढतो. समजा, ५००० रुपये घेतले. व्याज महिना शेकडा ३ रुपये. म्हणजे दर महिन्याला १५० रुपये. वर्षाचे झाले १८०० रुपये. मुद्दल तसेच राहिले! या व्याजाच्या पैशांत लेकीला किती दिवस दूध आणि अंडी मिळाली असती? तुम्हीच हिशेब करा.

मग काय द्यावे? एकेक पाहू या.

गरोदर लेकीला

तिच्या पोटात बाळ वाढते. ते तिच्याच रक्तावर वाढते. म्हणून तिला खाण्याची भेट द्यावी. शेंगदाणे, तीळ, खारीक, डाळी आणि नाचणीचे पीठ द्यावे. नाचणीने आणि तिळाने हाडांना बळ येते. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या तिने रोज घ्याव्यात, पण चहाबरोबर घेऊ नयेत. चहामुळे लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागायला मदत होते.

बाळंतिणीला

सगळे बाळ पाहायला येतात. बाळंतिणीकडे कोण पाहतो? तिला डिंकाचे आणि अळिवाचे लाडू द्यावेत. पुढून उघडणारे सैल सुती कपडे द्यावेत, म्हणजे बाळाला पाजणे सोपे जाते. आणि एक आहेर बिनपैशाचा आहे. आत्याने आठ दिवस पाणी भरावे. जावेने लंगोट धुवावेत. तेवढी तिला झोप मिळते.

बाळाला

नवे भरजरी कापड अंगाला टोचते. आजीचे जुने सुती लुगडे मऊ असते. ते गरम पाण्यात धुवावे, कडक उन्हात वाळवावे. त्याची दुपटी आणि लंगोट शिवावेत. लंगोट डझनभर असले तरी पुरत नाहीत, बरं का! झबल्याला गुंडी नको, बंद लावावेत. गुंडी तुटून तोंडात जाते. नवे कापड असेल तर आधी धुऊन खळ काढावी. थंडीत टोपडे हवेच. आणि एक मच्छरदाणी द्यावी.

मुलगी झाली म्हणून बाळंतविडा लहान करू नये. थंडी तिलाही तेवढीच वाजते.

हे देऊ नये

काजळाची डबी देऊ नये. काही काजळांत शिसे असते. ते विषारी आहे. गळ्यात बांधायचा दोरा किंवा ताईत देऊ नये. तो आवळून बाळाचा जीव जाऊ शकतो. घुंगरांचे वाळे नकोत, घुंगरू निघून घशात अडकते.

दुधाची बाटली आणि पावडरचा डबा भेट म्हणून नेऊ नये. पहिले सहा महिने बाळाला आईचे दूध पुरते. वरचे पाणीसुद्धा लागत नाही. म्हणूनच अशा डब्यांच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. मध तर वर्षाच्या आत बोटभरही चाटवू नये. त्याने बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो.

बाळ उभे राहू लागले की लाकडी पांगुळगाडा द्यावा. बाळाला आत बसवायची चाकांची गाडी नको. ती उंबऱ्यावरून उलटते.

जावईबापूंना

त्यांचाही मान राखावा. धोतरजोडी द्यावी, नाहीतर सदऱ्याचे कापड द्यावे. अंगठीचे पैसे असतील तर ते लेकीच्या नावाने बँकेत ठेवावेत. अडीनडीला दोघांच्याही उपयोगी पडतात. समजूतदार जावई स्वतःच म्हणतो, "मामा, माझ्यासाठी कर्ज काढू नका."

लिहिलेला आहेर

आता तुम्हाला लिहिता येते. मग एक आहेर तुम्ही स्वतः तयार करा. एक जाड कागद घ्या. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: बाळंतपणाची तारीख. आशाताईंचा फोन नंबर. गाडीसाठी १०२. अडचण पडली तर १०८.

त्याखाली लिहा: सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. ही सोय २०११ पासून आहे. हा कागद लेकीच्या घरी दाराजवळ चिकटवा. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या, तर तिची सासू वाचील, नाहीतर धाकटा दीर वाचील. गाडी वेळेवर येईल.

उत्तरे लिहा

१. ३००० रुपयांचे, महिना शेकडा ३ रुपये दराने, वर्षाचे व्याज किती?
२. झबल्याला गुंडी का लावू नये?
३. तुमच्या गावच्या आशाताईंचा नंबर लिहा.