ओंडका आणि अंगठा

बल्लारपूरला सागवानाचे मोठे आगार आहे. भोवतालच्या जंगलातला माल इथे येतो आणि दूर दूर जातो. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली सागवान इथूनच गेले. पण ओंडका आपोआप गाडीत चढत नाही. त्याला हमालाचा खांदा लागतो.

आमचा एक जुना विद्यार्थी असाच हमाल झाला. दुसरीत त्याची शाळा सुटली. तेव्हा आम्हीही त्याच्या घरी विचारायला गेलो नाही.

पावसाळ्याचे दिवस होते. ओंडक्यांची साल ओली, निसरडी. थप्पीतला खालचा ओंडका ओढला, तसा वरचा घरंगळत आला. पायाचा चुरा झाला. ठेकेदाराच्या माणसाने दवाखान्यातच थोडे पैसे दिले आणि एका कागदावर अंगठा घेतला.

पुढे तो कुबडी घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, यात काय लिवलं जी?"

आम्ही वाचले. 'माझा काही दावा नाही.' वाचताना आमचाच आवाज बसला. हक्क सोडल्याचा असा कागद कायदा मानत नाही, हे आम्हालाही उशिरा कळले. तोवर दाव्याची मुदत निघून गेली होती.

बंधुभगिनींनो, एवढे ध्यानात ठेवा :

१. थप्पी वरून उतरवावी. खालचा ओंडका कधी ओढू नये.
२. थप्पी घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना पाचर ठोकावी.
३. ओझे उचलताना गुडघे वाकवावे, पाठ सरळ ठेवावी. कंबर एकदा गेली की जन्माची गेली.
४. यारीने उचललेल्या मालाखाली उभे राहू नये. मग ती मुंबईची गोदी असो की आपले आगार.

कामावर इजा झाल्यास मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा आपल्या देशात १९२३ सालीच झाला. मुंबईच्या हमालांना अण्णासाहेब पाटील यांनी एकत्र केले. त्यांच्या लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. माथाडी मंडळात नाव नोंदवावे. इजा झाली तर त्याच दिवशी मालकाला लेखी कळवावे. दवाखान्याचा कागद जपून ठेवावा.

आणि न वाचता कशावरही अंगठा देऊ नये, सहीसुद्धा करू नये. तुम्ही आता वाचू शकता. आमच्या त्या विद्यार्थ्याला ते येत नव्हते.

प्रश्न :
१. ओंडका का घरंगळला?
२. इजा झाल्यावर कोणते कागद जपावे?
३. तुमच्या मालकाला इजेची खबर देणारे पत्र चार ओळींत लिहा.