खिशातला वाटाड्या कसा निवडावा?

पूर्वी परमुलखात जायचे म्हटले म्हणजे माणूस सोबत वाटाड्या घेई. वाटाड्या म्हणजे वाट ठाऊक असलेला माणूस. आता हा वाटाड्या मोबाईलमध्ये जाऊन बसला आहे. "पुढे डावीकडे वळा," असे तो बोलतो आणि आपण गाडी वळवतो. आपल्या साखरखेर्ड्यात जीपवाले, टेम्पोवाले पुष्कळ झाले. त्यांतले काही रात्रीच्या वर्गाला येतात. त्यांनीच विचारले, "गुरुजी, रस्ता दाखवणारे ॲप चार-पाच आहेत. घ्यावं कोणतं?" आम्ही स्वतः गाडी चालवीत नाही. पण शेजारी बसून पुष्कळ हिंडलो आहोत, आणि फळ्यावर नकाशे काढण्यात उभा जन्म गेला. त्या आधारावर हा पाठ लिहीत आहोत.

आधी एक घडलेली गोष्ट ऐका. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीचा एक टेम्पोवाला पोरगा सिमेंटची पोती घेऊन शेंदुर्जनच्या पुढे एका खेड्याला निघाला. दिवस मावळला होता. फोनने त्याला डांबरी रस्ता सोडून आत घातले. थोडा वेळ मुरूम होता, मग पाणंद लागली. आपली काळी माती आणि वर पाऊस! चाके आसापर्यंत रुतली. रात्रभर पोरगा गाडीत बसून राहिला. सकाळी ट्रॅक्टरने टेम्पो ओढून काढला, तोवर कितीतरी पोती दगड झाली होती. ती भरपाई त्याच्या पगारातून कापली गेली. "गुरुजी, फोननं सरळ म्हटलं, म्हून म्या सरळ घातली," असे तो सांगत होता. आम्ही त्याचा फोन हातात घेतला, तेव्हा उलगडा झाला. आदल्या दिवशी तो मोटारसायकलवर गेला होता. नकाशावर मोटारसायकलची निशाणी तशीच राहिली होती. फोनने त्याला दुचाकीची वाट दाखवली. त्याच्या समजुतीप्रमाणे गाडीवर फक्त एक माणूस होता, पोती नव्हती.

म्हणून निघण्यापूर्वी ती निशाणी पाहावी. मोटारीचे चित्र वेगळे, दुचाकीचे वेगळे. भरलेल्या टेम्पोसाठी किंवा ट्रकसाठी निराळे चित्र आपल्या नेहमीच्या ॲपांत बहुधा नसते. तेथे मोटारीचे चित्र लावावे आणि बाकीचे डोके आपले वापरावे.

आता हे यंत्र चालते कसे ते पाहू. फोनला दोन गोष्टी लागतात. आपण कुठे आहोत ही एक, आणि भोवतालचा नकाशा ही दुसरी. पहिली आकाशातून येते. अमेरिकेचे जी.पी.एस. नावाचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की फोन आपली जागा ओळखतो. इतर देशांचेही असे उपग्रह आहेत. भारताने 'नाविक' या योजनेचा पहिला उपग्रह २०१३ साली सोडला. या संदेशाला इंटरनेट लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. नकाशा मात्र इंटरनेटने, टॉवरवरून येतो. म्हणून रेंज गेली की पुष्कळदा निळा ठिपका तेवढा कोऱ्या पाटीवर चालताना दिसतो. जागा कळते, पण रस्ता दिसत नाही.

यावरून निवडीची पहिली कसोटी मिळते. रेंज नसताना ॲप चालते का? गूगल मॅप्समध्ये घरी असतानाच आपल्या भागाचा नकाशा उतरवून ठेवता येतो. मग रेंज नसली तरी ते मोटारीचा रस्ता सांगते. फक्त निघण्याचे ठिकाण आणि पोचण्याचे ठिकाण, दोन्ही त्या उतरवलेल्या भागात हवीत. पुढे गर्दी आहे की नाही, हे मात्र तेव्हा कळत नाही. उतरवलेला नकाशा मधूनमधून नवा करावा लागतो, नाहीतर तो बाद होतो. ऑर्गॅनिक मॅप्स नावाचे दुसरे ॲप आहे. ते फुकट आहे आणि नकाशा एकदा उतरवला की इंटरनेटवाचून चालते. त्याचा नकाशा 'ओपनस्ट्रीटमॅप' या कामातून येतो. हे काम २००४ साली इंग्लंडात सुरू झाले आणि जगभरचे लोक हौसेने त्यात रस्ते भरतात. तुमच्या खेड्याचा रस्ता कोणी भरला असेल तर दिसेल, नाहीतर नाही.

मॅपल्स हे आपल्या देशातल्या मॅपमायइंडिया कंपनीचे ॲप आहे. गतिरोधक, अपघाताची जागा, टोल किती पडेल, हे ते सांगते. वेझ नावाचे ॲप इस्राएलात निघाले, २०१३ साली ते गूगलने घेतले. रस्त्यावरचे गाडीवान जी खबर देतात त्यावर त्याची खरी मदार आहे. मुंबई-पुण्यात त्याचा उपयोग होईल. लव्हाळ्याच्या फाट्यावर त्याला खबर देणार कोण?

दुसरी कसोटी आम्ही मास्तर लोकांची आहे. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, तोच प्रश्न ॲपला घालावा. साखरखेर्ड्याहून मेहकर किंवा चिखलीचा रस्ता विचारा. मग शेतापलीकडच्या अशा एका खेड्याचा विचारा, की जिथली पाणंद तुम्हाला पायाखालची आहे. जे ॲप त्या पाणंदीतून मोटार घालते, त्याला नापास करा. दोन-तीन ॲपांना एकच पेपर दिला म्हणजे अर्ध्या तासात निकाल लागतो. आमच्या मते एक नेहमीचे ॲप आणि एक बिनइंटरनेटचे, अशी दोन ठेवावीत. चार ठेवून गोंधळ वाढतो.

नावांचा घोटाळा तर विचारूच नका. देऊळगाव म्हटले तर कोणते? देऊळगाव राजा, देऊळगाव मही, की मेहकर तालुक्यातले देऊळगाव माळी? मलकापूर म्हटले तर रेल्वेचे मलकापूर, की आपल्याजवळचे मलकापूर पांग्रा? सिंदखेड राजा लिहिताना अक्षर चुकले तर धुळे जिल्ह्यातले शिंदखेडा पुढे येते. आपल्या गावाचेच पाहा ना. १७२४ साली निजाम-उल्-मुल्काने येथे मुबारिजखानाचा पराभव केला आणि गावाला फत्तेखेर्डा असे नाव दिले. लोकांनी साखरखेर्डाच चालू ठेवले. सांगायचे एवढेच, की नावाबरोबर तालुका आणि जिल्हा वाचूनच बोट ठेवावे. त्याहून सोपे म्हणजे, ज्याच्याकडे जायचे त्याला व्हॉट्सॲपवर आपली जागा पाठवायला सांगावी.

आता जिवावर बेतणारी गोष्ट. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याकडची तीन माणसे रात्री मोटारीने कळसूबाईकडे निघाली होती. अकोले तालुक्यात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, फोनने त्यांना एका पुलाचा रस्ता दाखवला. (हे अकोले, आपले अकोला नव्हे. पाहा, पुन्हा नावच आले!) पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेला होता. मोटार सरळ पाण्यात गेली. दोघे वाचले, गाडी चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीच्या तुटक्या पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तीन माणसे दगावली. नकाशात पूल असतो. आज त्यावर पाणी आहे की नाही, हे नकाशाला कोणी कळवलेले नसते. आपल्याकडचे नाले घटकेत भरतात. पुलावर पाणी दिसले की थांबावे, काचेतून हाक मारून गावातल्या माणसाला विचारावे. रात्री कोणी दिसत नसेल तर मागे फिरावे. फोन "सरळ जा" म्हणतच राहील, म्हणू द्यावे. अडचण आली तर ११२ ला फोन करावा. बाईमाणूस अडलेले असेल, कोणी आजारी असेल, तर १०८ ची गाडी आधी बोलवावी, आडवाटेचा शोध मागाहून.

समृद्धी महामार्गाचे थोडे निराळे आहे. तेथे दुचाकी आणि तीनचाकीला बंदी आहे. आपल्या मेहकर-सिंदखेड राजा भागातून तो जातो, पण ठरलेल्या ठिकाणीच त्यावर चढता-उतरता येते. उतरायची जागा चुकली तर पुढच्या जागेपर्यंत जावे, मागे गाडी घेऊ नये. टोल टाळायचा असेल तर ॲपमध्ये तशी खूण असते.

फोन हातात धरू नये. २०२० सालच्या नियमाने रस्ता पाहण्यापुरता फोन वापरण्यास मुभा आहे, पण गाडीवानाचे लक्ष ढळता कामा नये. काचेजवळ पकडीत तो बसवावा, आवाज मोठा करावा, आणि ठिकाण लिहायचे ते गाडी उभी असतानाच लिहावे.

टेम्पोवाला पोरगा आता किल्ली फिरवण्याआधी फोनवरचे चित्र पाहतो. तुमच्यासाठी या आठवड्याचा अभ्यास असा. घरी बसून बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा फोनमध्ये उतरवा. मग इंटरनेट बंद करून लोणारचा रस्ता विचारा. काय दिसले ते वहीत पाच ओळींत लिहा आणि रविवारी वर्गात घेऊन या.