परत सेवेला लागताना

पोरी, विश्वास पुरता परत येऊ दे, मग सेवेला लागते, असं म्हणत बसू नकोस. आणि विश्वास परत आल्याचं सोंग घेऊनही येऊ नकोस. या दोहोंच्या मधून एक वाट जाते. ती मला माझ्या सासूबाईंनी दाखवली. त्या नगर जिल्ह्यात बायबलबाई, म्हणजे बायकांना शास्त्र वाचून सांगणाऱ्या सेविका होत्या. गावोगाव पायी हिंडल्या आणि मुलगा रेल्वेत लागला म्हणून उतारवयात कल्याणला आल्या. आपल्या मंडळीतली कितीतरी घरं अशीच नगर, जालना, सोलापूरकडून रेल्वेच्या नाहीतर नर्सिंगच्या नोकरीपायी इथं आलेली आहेत. सासूबाईंनी जे कानात सांगितलं त्यात मी माझं थोडं घातलंय. ते तुला देते.

आधी एकाच माणसाला खरं सांग. पंचकमिटीला नाही, तरुण संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. माणूस असा निवड की जो ऐकल्यावर लगेच वचन काढून दाखवणार नाही आणि ऐकलेलं दुसऱ्या दारी नेणार नाही. तो पाळकच असला पाहिजे असं नाही. एखादी निवृत्त शाळामास्तरीण, एखादे वडील, दुसऱ्या मंडळीतली मावशीही चालेल. त्यांना सांग, मला प्रार्थना होत नाही, अमुक गोष्टीवरचा माझा भरवसा उडालाय, आणि तरी मला परत यायचंय. असा एकच माणूस काय करू शकतो ते बायबलात बघ. योहान मार्क पंफुल्यातून पौलाला सोडून घरी निघून गेला होता. पुढच्या दौऱ्याला त्याला न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा इतके भांडले की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तेव्हा मार्काला परत उभं केलं ते बर्णबानं. त्यानं त्याला सोबत घेतलं आणि कुप्राला नेलं, बस. आणि पुढं तोच पौल तुरुंगातून तीमथ्याला लिहितो की येताना मार्काला घेऊन ये, तो सेवेला उपयोगी आहे. मधली वर्षं मार्कानं कशी काढली ते शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही. मला ते फार आवडतं. तुझीही मधली वर्षं कुणाला तपशीलवार सांगायला तू बांधील नाहीस.

नेमकं काय हरवलंय तेही पाहून घे. देवावरचा भरवसा उडालाय की देवाच्या नावानं वागणाऱ्या माणसांवरचा? मी पाहिलेल्यांपैकी बहुतेकांना माणसांनी दुखवलं होतं. कुणाला हिशोबाच्या भांडणात, कुणाला लग्नाच्या बोलण्यात, कुणाला आजारपणात कुणी फिरकलंच नाही म्हणून. अशा जखमेला पुस्तकातला पुरावा लागू पडत नाही आणि खऱ्या शंकेला नुसतं गोंजारून चालत नाही. एक वही कर आणि दोन्ही वेगवेगळं लिही. शंका दिवसाउजेडी वाच, रात्री अंथरुणात नको. रात्री सगळ्याच शंका मोठ्या होतात.

शंका संपल्याशिवाय सेवा करता येत नाही, असं तुला कुणी सांगितलं तर नीळकंठशास्त्री गोऱ्हे आठव. काशीचे पंडित. 1848 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले. त्यांच्या मनातल्या शंका जन्मभर सुटल्या नाहीत, वयाच्या उतारालाही त्या त्यांना छळत होत्या. तरी 1895 मध्ये देह ठेवीपर्यंत ते लिहीत, शिकवत, वाद घालत राहिले. आणि पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे वळवण्यात ज्यांच्या लेखनाचा हात होता, ते हेच गोऱ्हे. ज्याचं स्वतःचं मन निवांत नव्हतं, त्याचं लिहिणं रमाबाईंसारख्या बुद्धिमान बाईला पटलं. रमाबाईंचंही बघ. बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला, पण आपल्याला धर्म मिळाला आणि ख्रिस्त मिळाला नाही, असं त्यांना पुढची कित्येक वर्षं वाटत होतं. ती गाठ त्यांच्या सांगण्याप्रमाणे 1891 च्या सुमारास सुटली. त्या मधल्या काळातच, 1889 मध्ये, शारदा सदन उभं राहिलं होतं. मन निवेपर्यंत त्या थांबल्या असत्या तर त्या विधवा मुलींना कोण घर देणार होतं?

आता शरीराकडे ये, कारण आपल्यात आजाराकडेही पाप म्हणून बघायची वाईट खोड आहे. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सकाळी उठवत नसेल, तर ते आधी डॉक्टरकडे ने. एलीया रानात झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं आणि उठवून परत खायला घातलं. देवाची वाणी नंतर आली. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासून आहे, तिथं बाह्यरुग्ण विभागात साधी नावनोंदणी करून दाखवता येतं. तिथं पाऊल टाकायचा संकोच वाटत असेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. ‘प्रार्थना कर, सगळं बरं होईल’ असं सांगून गोळ्या बंद करायला लावणाऱ्यापासून लांब राहा, मग तो कितीही मोठा प्रार्थनावीर असो. तू स्वतः सेवेत परत गेलीस की हाच नियम दुसऱ्यांच्या बाबतीतही पाळ.

प्रार्थना होत नाही तोवर दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या प्रार्थना वाच. उपासना संगीतातलं गाणं गाता येत नसेल तर नुसतं ऐक. स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र काढ. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी कुठंतरी स्तुतीला लागतात, हे शेवटपर्यंत अंधारातच राहतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ते कुणीही काढून टाकलेलं नाही. आपल्या मंडळीत बसवत नसेल तर काही रविवार दुसरीकडे मागच्या बाकावर बस. ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये तुला कोण ओळखतं? कल्याणला सायरो-मलबार लोकांचा धर्मप्रांतच 1988 पासून आहे. मल्याळम कळत नसली तरी तिथं शांत बसून राहायला कुणाची हरकत नसते. पण याची सवय लावून घेऊ नकोस. जिथं तुझं नाव घेऊन कुणी हाक मारत नाही तिथं सेवा होत नाही.

परत येशील तेव्हा खालून ये. हे मी सगळ्यात जोर देऊन सांगते. निदान पहिलं वर्षभर व्यासपीठ नको, उपदेश नको, गाण्याचं पुढारपण नको. खुर्च्या मांड, चहा कर, शब्बाथ शाळेच्या पोरांची हजेरी घे, आजाऱ्याला डबा पोचव. लोक तुला साक्ष द्यायला उठवतील. हरवलेलं कोकरू परत आलं, असं म्हणून माईक हातात देतील. हात जोडून नाही म्हण. साक्ष म्हटली की ऐकणाऱ्याला शेवट गोड लागतो. तुझा शेवट अजून झालेला नसतो, मग तू तो बनवून सांगतेस, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या सोमवारी पुन्हा मन कोरडं पडलं की ते कुणाला सांगायची सोय उरत नाही. असे उमेदीनं परत आलेले आणि अशा एका साक्षीनं पुन्हा तुटलेले तरुण मी पाहिलेत. म्हणून कमिटीला आधीच सांगून ठेव की माझं नाव जाहिरातीत घालू नका.

ज्यावर आज तुझा विश्वास नाही ते तोंडानं बोलू नकोस. उपासनेत मतांगीकार म्हणताना एखाद्या ओळीला गप्प राहिलीस तर देव रागावत नाही. मंडळी ते सगळं मिळून म्हणते, तुझी गळलेली ओळ तुझ्या शेजारची बाई म्हणत असते.

पैशाचं स्पष्ट बोलू. मिशनच्या पगारावर आणि मिशनच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचा विश्वास गेला की तो दोन्हीकडून कापला जातो. बोलावं तर घर जातं, न बोलावं तर मन जातं. जॉर्ज बोवेन हा अमेरिकन माणूस तारुण्यातली बरीच वर्षं पक्का नास्तिक होता. 1848 मध्ये मिशनरी होऊन मुंबईला आला, आणि पुढं मिशनचा पगार सोडून बाजारवस्तीत गरिबीत राहिला. रेव्हरंड टिळकांनीही 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. ही मोठी माणसं. त्यांचं बघून तू एका रात्रीत राजीनामा देऊ नकोस, घरात म्हातारी माणसं आहेत. पण जमलं तर पहिली दोन-तीन वर्षं पोट दुसऱ्या कामावर ठेव. शिकवण्या घे, दवाखान्यात नोकरी कर, आणि सेवा संध्याकाळी नि रविवारी कर. म्हणजे सेवेत राहायचं की नाही हे ठरवताना भाड्याचा विचार मध्ये येणार नाही. मंडळीचा एक रुपया हातात आला तरी वहीत लिही, आणि खर्चावर दुसऱ्या कुणाची सही घे. उडालेला भरवसा परत मिळवायची ही सगळ्यात साधी रीत आहे.

भेटीगाठींचे नियम सासूबाईंचे आहेत, मी फक्त इथल्या लोकलला जुळवून घेतलेत. एकटी जायचं नाही, दोघींनी जायचं. प्रभूनंही शिष्यांना दोघादोघांनीच पाठवलं होतं. बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात शिरायचं नाही. कळव्याच्या नाहीतर रुक्मिणीबाई रुग्णालयाच्या वॉर्डात भेटीच्या वेळेतच जायचं, सिस्टरला विचारून. तिथं पत्रकं वाटायची नाहीत. आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही, त्याला धरून उपदेश करणं हा अन्याय आहे. डबा द्यायचा तर सगळ्यांना सारखा, धर्म विचारून नाही, आणि त्या डब्याच्या बदल्यात काही मागायचंही नाही. दिवा, मुंब्रा, टिटवाळ्याकडच्या घरी बाई कामावरून उशिरा येते. ती दारात पोचते न पोचते तोच आपण चहाच्या आशेनं बसलेले नसावं. पाण्याची वेळ असेल तर बादल्या भरू लागायचं. आणि मयताच्या घरी ‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द उच्चारायचे नाहीत. इथं तू माझ्यापेक्षा कामाची आहेस, हे ध्यानात घे. जिचा विश्वास एकदा गेलेला आहे तिला गप्प बसता येतं. ज्यांना कधी काही झालं नाही ते फार बोलतात.

एकटेपणा येणार. तेव्हा आपल्याच ठाण्यातलं एक जुनं प्रकरण मनात ठेव. 1321 मध्ये चार फ्रान्सिस्कन साधूंचा इथं वध झाला. त्यांच्यासोबत आलेला डॉमिनिकन साधू जॉर्डन तेव्हा ठाण्यात नव्हता. तो परतला, सोबत्यांचे देह मिळवले आणि सोपाऱ्याला नेऊन पुरले. त्यानंतर तो मायदेशी निघून जाऊ शकला असता. तो इथंच राहिला. त्याची दोन पत्रं टिकून आहेत, त्यातलं एक ठाण्याहून लिहिलेलं. त्यात आजारपण आहे, एकटेपण आहे, सोबत्यांसोबत आपल्यालाही मरण आलं असतं तर बरं, अशी कळ आहे, आणि त्याच्या पत्रांत आणखी माणसं पाठवा अशी मागणीही आहे. पुढं 1329 मध्ये त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. मी तरुण सेविकांना बिशपपदाचं सांगत नाही, पत्राचं सांगते. मदत मागायला त्याला लाज वाटली नाही. तूही माग. महिन्यातून एकदा त्या पहिल्या माणसाकडे जा, ज्याला तू खरं सांगितलं होतंस.

आणि वर्षभरानं वाटलं की हे काम आपलं नाही, तर तसं सरळ सांगून थांब. नर्स म्हणून, मास्तरीण म्हणून जगणाऱ्या प्रामाणिक बाईचं देवाकडे कमी चालत नाही. ओढूनताणून सेवेत राहिलेल्यांनी मंडळ्यांचं जितकं नुकसान केलंय तितकं सोडून गेलेल्यांनी केलेलं नाही, हे माझं ठाम मत आहे.

शेवटचं तुझ्यासाठी नाही, आपल्या वडीलधाऱ्यांसाठी आहे. असं कुणी मागच्या बाकावर येऊन बसलं तर इतके दिवस कुठं होतीस, असं विचारू नका. त्याच्यासाठी पुढून जाहीर प्रार्थना करू नका. उपासना सुटल्यावर घरी जेवायला न्या, आणि रविवारी मेगाब्लॉक असला तर परतीच्या गाडीपर्यंत सोबत जा.