आधी पाय, मग विचार : सहजप्रवृत्ती आणि मेंदूपेशींचे कार्य

जमाखर्च, देणगीदारांची नामावली आणि विभागवार आकडेवारी यांच्या जोडीला एक आरोग्यविषयक अभ्यासलेख देण्याची प्रथा आम्ही या वार्षिक अहवालात पाळीत आलो आहोत. मधुमेह, रक्तदाब, सर्पदंश असे विषय त्यात येऊन गेले. या वेळचा विषय मात्र एका प्रसंगाने आमच्यापुढे आणून ठेवला.

दि. १० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात केंद्रबिंदू असलेल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का नांदेड शहरातही जाणवला. वॉर्डात सकाळचा चहा चालू होता. पाहता पाहता जिन्यावर नातेवाईकांची गर्दी झाली. सुदैवाने इमारतीस तडा गेला नाही, कोणास इजाही झाली नाही. परंतु एक गृहस्थ आवारातील लिंबाच्या झाडाखाली पोहोचल्यावर भानावर आले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की सलाईन लावलेली आपली वृद्ध आई वर खाटेवरच राहिली आहे. ते परत आले ते व्हरांड्यातच बसून राहिले. आईच्या समोर जाण्याचे धैर्य त्यांना होईना. "आईला सोडून पळालो बघा सिस्टर, मला कळलंच नाही," एवढेच ते परिचारिकेला सांगत होते. हे गृहस्थ मूळचे औसा तालुक्यातील. १९९३ साली ते दहा-अकरा वर्षांचे होते.

त्यांना जे समजावून सांगावे लागले, तेच येथे विस्ताराने मांडीत आहोत.

'मला कळलंच नाही' हे त्यांचे वाक्य शब्दशः खरे होते. जमीन हलली म्हणजे प्रथम तिची वार्ता तळपायाच्या त्वचेखालील, सांध्यांतील आणि अंतःकर्णातील सूक्ष्म संवेदकांना लागते. त्वचेच्या खोल थरात पॅसिनीच्या कणिका नावाचे, कांद्यासारखे पापुद्रे असलेले संवेदक असतात. कंपन टिपणे हेच त्यांचे काम. अंतःकर्णातील केशपेशी तोल आणि आवाज या दोन्हींची खबर देतात. ही खबर विजेच्या सूक्ष्म स्पंदांच्या रूपाने मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभात येते. तेथून एक वाट वर, प्रमस्तिष्काच्या बाह्यपटलाकडे जाते. 'हा भूकंप आहे, आई खाटेवर आहे, जिना अरुंद आहे' हा विचार तेथे होतो. दुसरी वाट आखूड. ती मस्तिष्कस्तंभातूनच परस्पर स्नायूंकडे वळते. अचानक मोठा आवाज झाल्यास पापणीचा स्नायू सेकंदाच्या वीस-पंचवीसाव्या भागातच आकुंचन पावतो. इतक्या अवधीत विचाराची सुरुवातही झालेली नसते.

आम्ही वाणिज्य शाखेचे. त्यामुळे आमच्या डॉक्टर मंडळींनी मेंदूपेशीचे वर्णन केले, ते आम्हांस हिशेबाच्या भाषेतच उमगले. प्रत्येक पेशीकडे शेजारच्या शेकडो-हजारो पेशींकडून निरोप येत असतात. काही उत्तेजन देणारे, ते जमेच्या बाजूस. काही आवर घालणारे, ते नावे. पेशी या सर्वांची क्षणाक्षणाला बेरीज-वजाबाकी करते. बाकी एका ठराविक मर्यादेच्या खाली असेल तर पेशी गप्प राहते. मर्यादा ओलांडली की ती पूर्ण स्पंद सोडते, अर्धा नाही. धनादेश वटतो किंवा परत येतो, निम्मा वटत नाही, तसेच हे.

परंतु असंख्य पेशींच्या या हिशेबातून 'पळ' हा हुकूम निघतो कसा? याचे उत्तर अलीकडच्या काळात उंदरांवरील प्रयोगांतून पुष्कळसे स्पष्ट झाले आहे. आपल्याकडे अंगणात घारीची सावली फिरली की कोंबडीची पिले आईच्या पंखाखाली धावतात. उंदराच्या डोक्यावरील पडद्यावर भराभर मोठा होत जाणारा काळा ठिपका दाखविला तर तोही असाच बिळाकडे पळतो. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजमधील टियागो ब्रँको यांच्या गटाने २०१८ मध्ये या पळण्यामागील पेशींचा माग काढला. मध्यमस्तिष्कात 'सुपीरियर कॉलिक्युलस' नावाचा भाग आहे. तेथील पेशी धोक्याची खूण जमा करीत जातात. त्यांचा निरोप 'पेरीॲक्विडक्टल ग्रे' या शेजारच्या भागातील पेशींकडे जातो. गंमत अशी की या दोहोंमधील जोड मुद्दाम ठेवल्यासारखी कमजोर आहे. एखाद-दुसऱ्या निरोपाने पलीकडची पेशी हलत नाही. धोक्याचे पुरावे साचून निरोपांचा मारा वाढला, म्हणजेच उंबरठा ओलांडला गेला, की मग ती पेटते आणि प्राणी धाव घेतो. प्रत्येक पानाच्या सळसळीला पळणारा उंदीर उपाशी मरेल आणि कधीच न पळणारा घारीच्या तोंडी जाईल. म्हणून हा उंबरठा.

त्याच गटाने २०१७ मध्ये दाखविलेली आणखी एक बाब आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. उंदीर धोक्यापासून केवळ दूर पळत नाही, तर निवारा कोठे आहे हे आठवून थेट तिकडे पळतो. निवाऱ्याची जागा बदलली तर पळण्याची दिशाही बदलते. म्हणजे सहजप्रवृत्ती जन्मजात असली तरी 'सुरक्षित जागा कोणती' हे तिला अनुभवातून शिकावे लागते.

आता लातूरकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेलेली असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. ऊन, पाऊस, चोर-चिलटे या सर्वांपासून ज्याने पिढ्यान्‌पिढ्या राखले, तो निवाराच घातकी ठरला. वाचलेल्या माणसाच्या मेंदूत त्या रात्री 'निवारा' या खात्याची नोंद पुसली गेली आणि छप्पर धोक्याच्या बाजूस लिहिले गेले. पुढे कित्येक कुटुंबे पक्के घर मिळाल्यावरही दगडी भिंतीच्या धास्तीने शेजारी पत्र्याचे शेड उभारून त्यात निजत, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. भूकंपानंतर वाचलेल्यांची मानसिक तपासणी करण्यात आली; १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत मानसिक विकाराची लक्षणे आढळल्याचे नमूद आहे.

अशा माणसात उंबरठाही खाली येतो. अमिग्डाला हा मेंदूतील बदामाच्या आकाराचा भाग भयाच्या आठवणी जपतो आणि दचकण्याची क्रिया वाढवून ठेवतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये लातूर शहरातील विवेकानंद चौक परिसरात जमिनीखालून गूढ आवाज आला. भूकंपमापन केंद्रांवर भूकंपाची नोंद झाली नव्हती, तरी लोक घाबरले. ज्या शहराच्या स्मरणात १९९३ आहे, तेथे नुसता आवाजही हिशेबात मोठ्या रकमेसारखा धरला जातो. अशा लोकांना भित्रे म्हणून हसणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

माणसातही हाच पालट दिसतो. लंडनमध्येच २००७ साली झालेल्या एका प्रयोगात, संगणकाच्या पडद्यावरील चक्रव्यूहात आपला पाठलाग करणारा 'शिकारी' दूर असताना माणसाच्या मेंदूचा कपाळामागील विचारी भाग अधिक कार्यरत होता. शिकारी जवळ येऊन विजेच्या सौम्य झटक्याची पाळी आली, तेव्हा कारभार वर सांगितलेल्या पेरीॲक्विडक्टल ग्रेकडे गेला. आमच्या त्या गृहस्थांचेही असेच झाले असणार. झाडाखाली थांबल्यावर त्यांच्या मेंदूच्या वरच्या मजल्यावर विचार पोहोचला, तेव्हा पायांनी जिना उतरून झालेला होता. आईवरील मायेचा त्यात प्रश्नच नव्हता. मायेला बोलावणे उशिरा आले, इतकेच.

मग हा उंबरठा पुन्हा वर नेता येतो काय? येतो, पण सावकाश. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच लंडनच्या संस्थेतील सारा मेडेरोस आणि सोन्या हॉफर यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, वरून येणारी सावली वारंवार दिसूनही अपाय होत नाही हे अनुभवलेल्या उंदरांनी पळणे सोडून दिले. शिकण्याच्या काळात मेंदूच्या बाह्यपटलातील दृष्टीचे भाग आवश्यक होते. एकदा शिकणे झाल्यावर त्यांची गरज उरली नाही. आठवण खोलवरच्या एका लहानशा केंद्रात साठविली गेली होती आणि तेथूनच पळण्यास आवर घातला जात होता. समजूत घालणे आणि सुरक्षित अनुभव पुन्हा पुन्हा देणे हीच भयग्रस्तांच्या उपचाराची जुनी रीत आहे. तिला पेशींच्या पातळीवर मिळालेला हा आधार आहे.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. किल्लारी परिसरात ऑगस्ट १९९२ पासूनच लहान लहान धक्के बसत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यांत मोठा होता. पुढे ते विरळ झाले आणि वर्ष उलटण्याच्या आत तो काळा दिवस उजाडला. अपाय न करणाऱ्या धक्क्यांची सवय होते, हे मेंदूच्या दृष्टीने बरोबरच आहे. परंतु जमिनीचा हिशेब मेंदूला ठाऊक नसतो. म्हणून भीती ओसरली तरी भिंतींची पाहणी सोडता येत नाही. आमच्या मते भय कमी करण्याचे काम डॉक्टरांचे आणि घर बळकट करण्याचे काम अभियंत्यांचे. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

जुलैच्या त्या प्रसंगानंतर आम्ही रुग्णालयात ठराविक अंतराने सराव घेऊ लागलो आहोत. त्याचा हेतू नियम पाठ करून घेण्याचा नसून, धक्क्याच्या वेळी शरीराला आधीच ओळखीची अशी एक हालचाल देण्याचा आहे. दाखल करून घेतानाच नातेवाईकांना सांगितले जाते : धक्का जाणवल्यास जिन्याकडे वा लिफ्टकडे धावू नये, रुग्णाच्या डोक्यावर उशी धरावी व आपण खाटेलगत खाली बसून डोके झाकावे, खिडकीच्या काचांपासून दूर राहावे, हलणे थांबल्यावर परिचारिका सांगतील त्या क्रमाने बाहेर पडावे. पहिल्या सरावात पुष्कळ जण हसले. दुसऱ्या वेळी निम्मे लोक सांगण्यापूर्वीच खाली बसले होते.

त्या गृहस्थांची आमच्या समुपदेशकांशी तीन वेळा भेट झाली. पहिल्या भेटीत ते जुलैविषयी बोलले. १९९३ विषयी ते तिसऱ्या भेटीत बोलले, तेही आई शेजारी बसलेली असताना. ज्यांच्या घरी असा कोणी आहे, जो धक्क्याला, फटाक्याला किंवा ट्रकच्या धडधडीला अजूनही उठून बाहेर येतो, त्यांनी संकोच न करता आमच्या बाह्यरुग्ण विभागात चौकशी करावी. प्रवास शक्य नसल्यास शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतून बोलता येते.