लखनौमधील अखेरचा दिवस

प्रास्ताविक

प्रवासाच्या पहिल्या दिवसाची आखणी आपण मोठ्या हौसेने करतो. शेवटचा दिवस मात्र बहुधा खरेदी आणि सामानाची बांधाबांध यांतच संपतो. परक्या शहराचा निरोप कसा घ्यावा, याचा विचार या पाठात लखनौच्या संदर्भात केला आहे.

मूळ पाठ

लखनौहून मुंबईकडे येणारी पुष्पक एक्सप्रेस संध्याकाळी सुटते. त्यामुळे महाराष्ट्रातून आलेल्या प्रवाशाच्या हाती अखेरचा जवळजवळ सगळा दिवस उरतो. या दिवशी मनाची ओढाताण होते. राहिलेली सारी ठिकाणे धावतपळत उरकावीत असे एकीकडे वाटते, तर घरच्यांसाठी चिकनकारीचे कुर्ते आणि रेवड्या घ्याव्यात असे दुसरीकडे वाटते. दोन्ही इच्छा स्वाभाविक आहेत. पण कुर्ता काय, रेवडी काय, पिशवीत भरून नेता येते. जे पिशवीत मावत नाही, ते त्याच दिवशी अनुभवावे लागते.

हिवाळ्यात सकाळी चौक भागात मक्खन मलाई विकतात. दूध रात्री उघड्यावर थंडीत ठेवून पहाटे घुसळतात आणि वर आलेल्या फेसात केशर घालतात. ऊन चढू लागले की हा फेस बसतो. म्हणून विक्रेते लवकर येतात आणि लवकर जातात. हा पदार्थ मुंबईला नेता येत नाही. तो चौकातच, उभ्या उभ्या, सावकाश खावा लागतो. अखेरच्या दिवसाची सुरुवात याहून चांगली कोणती?

त्यानंतर नवे ठिकाण शोधण्यापेक्षा, आधी पाहिलेले एखादे ठिकाण पुन्हा पाहावे. 1784 च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून नवाब आसफउद्दौला याने बडा इमामबाडा बांधावयास घेतला. त्याचे मधले दालन सुमारे 50 मीटर लांब असून छताला आधार देणारा एकही खांब त्यात नाही. वरच्या जाड बांधकामातील अरुंद वाटांचे जाळे म्हणजेच प्रसिद्ध भूलभुलैया. दालनाच्या एका टोकाच्या सज्जात कागद फाडला, तरी तो आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. पहिल्या भेटीत वाटाड्या हे करून दाखवतो आणि प्रवासी नुसते थक्क होऊन पुढे सरकतो. दुसऱ्या भेटीत तो शांत उभा राहतो. उपाशी माणसाला भिक्षा नव्हे, काम देण्यासाठी हे छत उभारले गेले, हे तेव्हा त्याच्या ध्यानी येते.

दुपारी कैसरबागेत जावे. मुंबईचे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी वकिलीपेक्षा संगीताला जवळ केले. गावोगावी फिरून, उस्तादांकडून बंदिशी मिळवून त्यांनी त्या स्वरलिपीत उतरवल्या. 1926 मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून लखनौत संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज ते त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. गाणेही पिशवीत मावत नाही. पण या मराठी माणसाने ते कागदावर जपले आणि परक्या शहराला आपले श्रम देऊन ठेवले. शहराकडून काय न्यावे याबरोबरच तेथे काय ठेवून जावे, हा प्रश्नही येथे मनात उभा राहतो.

ही संस्था ज्या परीखान्याच्या वास्तूत आहे, ती अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह याच्या काळातील. फेब्रुवारी 1856 मध्ये इंग्रजांनी त्याचे राज्य खालसा केले. 13 मार्च 1856 रोजी त्याने लखनौ सोडले. पुढे कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे त्याने वाडे बांधले, गायक-वादक जमवले, जणू दुसरे लखनौच वसवू पाहिले. परंतु 1887 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याला आपल्या शहरात परतता आले नाही. त्याचा निरोप लादलेला होता. प्रवासी मात्र स्वेच्छेने येतो आणि स्वेच्छेने घरी जातो. त्याच्या वाट्याला आलेला अखेरचा दिवस म्हणूनच दुःखाचा नसून भाग्याचा आहे.

संध्याकाळी गाडी हलते. काही ठिकाणे पाहायची राहून गेलेली असतात. त्याची खंत वाटू नये. कारण जे पाहिले, ते या वेळी खरोखर पाहिलेले असते.

स्वाध्याय

1. मक्खन मलाईच्या उदाहरणातून लेखकाने कोणता विचार मांडला आहे?
2. वाजिद अली शाह याचा निरोप आणि प्रवाशाचा निरोप यांतील फरक स्पष्ट करा.
3. आपण पाहिलेल्या एखाद्या गावातील अखेरच्या दिवसाचे वर्णन आठ-दहा ओळींत लिहा.