रोज नको गं, छकुली

भोर

चि. सौ. छकुलीस,

वहिनी सांगत होती, रक्त कमी निघालं म्हणून तू रोज रात्री डार्क चॉकलेट खातेस. रोज! सातवा लागला ना तुला? हे ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुमच्या तिकडच्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये २८ डार्क चॉकलेटं तपासली. शिसं आणि कॅडमियम सगळ्यांत निघालं. दिवसाला २८ ग्रॅम खाल्लं, तर त्यांतल्या २३ चॉकलेटांत एक तरी धातू तुमच्या कॅलिफोर्नियाच्या मर्यादेपलीकडे जात होता. शिशाची मर्यादा तरी केवढी, दिवसाला अर्धा मायक्रोग्रॅम!

पाकिटावर ८५ टक्के कोको वाचून तुम्ही मुली खूश होता. अगं, कोको वाढला की सहसा हे धातूही वाढतात. कॅडमियम झाड मातीतूनच ओढून घेतं, शिसं बहुतेक बिया उघड्यावर वाळताना धुळीतून चिकटतं. घरी आणून ते धुता येत नाही की निवडता येत नाही. त्या तपासणीत पाच चॉकलेटं दोन्ही धातूंच्या मर्यादेखाली होती, त्यांत घिरार्डेलीची दोन. खायचंच तर तसलं शोधून, आठवड्यातून एखादा तुकडा. रोज नको.

आपल्या घरात रक्ताची ओरड आजीपासूनची. म्हणूनच भीती वाटते. लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शरीर शिसं जास्त शोषून घेतं, आणि ते नाळेतून बाळापर्यंत पोचतं. तुला तर इतरांपेक्षा जास्त जपायला हवं. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नेमाने घे, आणि रक्तातलं शिसं तपासायचं का, एवढं त्यांना विचार.

पहिल्या खेपेला मी वेल्ह्याला माहेरी होते. मला पाटीवरच्या पेन्सिलीचे डोहाळे लागले. माळ्यावर जाऊन चोरून खायची. रक्त कमी असलं की असलं काहीबाही खावंसं वाटतं, हे फार उशिरा कळलं. आई खाली चुलीपाशी असायची, पण तिला सांगायची लाज वाटायची. ती गेली, आणि किती गोष्टी बोलायच्या राहूनच गेल्या. तू वहिनीला सगळं सांगतेस, ते ऐकून मला बरं वाटतं.

फार बोलले का गं? परक्या मुलखात, ऑफिस सांभाळून, एकटीने निभावतेस. रात्रीचा तो तुकडा तुझा विसावा असेल, तो मी काढून घेतेय. वहिनी येईल तिच्याबरोबर वेल्ह्याच्या नाचणीचं सत्त्व देते, दुधात शिजवून गूळ घाल. बाजारची पिवळीधमक हळद मात्र पाठवणार नाही. रंगासाठी तिच्यात कुठे कुठे लेड क्रोमेट घालतात, तेही शिसंच.

आणखी कसले डोहाळे लागलेत, ते मला कळव. आणि रात्री झोप आली नाही तर सरळ फोन लाव. तुमची रात्र म्हणजे आमचा दिवस, मी जागीच असते.

तुझी,
आत्या